ट्रॅकची गाडी, रस्त्याची गाडी



महागड्या स्पोर्ट्‌स कार ट्रॅकवर कशा चालतात आणि रस्त्यावर कशा, हा या अंकाचा विषय. आपल्याकडे या गाड्यांच्या गप्पा अश्वशक्ती आणि कमाल वेगापाशी थांबतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला ताशी 100 किलोमीटरची मर्यादा असताना हे आकडे घेणाऱ्याला फारसं काही सांगत नाहीत. म्हणून आम्ही सस्पेन्शन, टायर आणि ब्रेककडे वळलो आहोत.

होंडा एनएसएक्सचंच घ्या. 1990 साली आलेली ही गाडी रोज चालवता यावी अशी घडवली होती. 1992च्या एनएसएक्स-आरमध्ये सस्पेन्शन कडक केलं, आवाज अडवणारे थर काढले, वजन सुमारे 120 किलोंनी उतरवलं. सुझुकासारख्या गुळगुळीत ट्रॅकवर कडक स्प्रिंग गाडीला वळणात कलू देत नाही. खडबडीत रस्त्यावर मात्र तिच्यामुळेच चाक उसळतं आणि पकड सुटते. शिवाय खास ट्रॅकसाठीचे टायर तापल्याशिवाय नीट पकड देत नाहीत; पावसात तर ते धोक्याचेच. आमच्या मते रस्त्यावर साधी एनएसएक्सच सरस.

तुमचं मत वेगळं असेल तर सविस्तर लिहा. स्वतः ट्रॅकवर गाडी चालवलेल्या वाचकांची पत्रं आम्ही पुढच्या अंकात आवर्जून छापू.