काटकसर आणि कंजूषपणा

बंदूक म्हटलं की आमच्या नातेवाइकांच्या भुवया वर जातात. म्हणून आधीच सांगतो, मला गोळी झाडण्यात रस नाही, वस्तू कशी घडते यात आहे. आणि त्यासाठी रेमिंग्टन 870 या अमेरिकन पंप शॉटगनसारखं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

पंप शॉटगन म्हणजे नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. विंचेस्टरची 1912 ची 'मॉडेल 12' ही या जातीतली राणी. पोलादाच्या ठोकळ्यातून कोरलेले भाग, कुशल हातांनी घासून जुळवलेले. रेमिंग्टनची 1931 ची 'मॉडेल 31' सुद्धा तशीच देखणी, पण विंचेस्टरपुढे तिचा खप होईना आणि ती बनवणं परवडेना.

म्हणून 1950 मध्ये 870 आली. बरेच भाग चक्क पत्र्यातून ठोकून काढलेले, बरेच कंपनीच्याच 11-48 या बंदुकीशी सामाईक. मॉडेल 12 चे चाहते अजूनही त्यावर नाक मुरडतात.

मला विचाराल तर हे नाक मुरडणं चुकीचं आहे. पत्रा कुठे चालेल आणि कुठे नाही, हे त्या इंजिनिअरांना नेमकं ठाऊक होतं. स्फोटाचा जोर येतो तिथे पोलादच. बोल्ट थेट नळीच्या मागच्या भागात अडकतो, त्यामुळे तो जोर सांगाड्यावर येत नाही आणि नळी बदलायला कारागीरही लागत नाही. मूठ बोल्टला जोडणाऱ्या पट्ट्या एकीऐवजी दोन, म्हणजे ओढताना काही तिरकं होऊन अडकायला नको. विंचेस्टरनं 1964 मध्ये मॉडेल 12 चं नियमित उत्पादन थांबवलं. 870 चा आकडा 2009 मध्ये 1 कोटीवर गेला!

पुढची गोष्ट मात्र उलटी. 1987 मध्ये स्वस्तातली 'एक्स्प्रेस' आली आणि नंतरच्या वर्षांत खडबडीत फिनिशिंग, पटकन चढणारा गंज अशा तक्रारी वाढत गेल्या. 2018 आणि 2020, दोनदा कंपनी दिवाळखोरीत. 2024 मध्ये न्यूयॉर्क राज्यातला इलियनचा जुना कारखानाही बंद झाला. कर्जासकट कारणं अनेक होती, सगळं खापर गंजावर फोडता येणार नाही. पण गिऱ्हाइकाचा विश्वास आटला की कर्ज जास्तच जड होतं.

पैसे दोन्ही वेळा वाचवले. पहिल्यांदा वाचवणाऱ्यांना कुठे हात लावायचा नाही ते कळत होतं. काटकसर म्हणतात ती हीच. तेवढं भान सुटलं की उरतो तो कंजूषपणा.

असो. तुम्हाला काय वाटतं?