एकविशीची मुदत

हॉकीमध्ये पुरुषांच्या कनिष्ठ गटाचा विश्वचषक भरतो, त्याला वयाची एक अट आहे. खेळाडू २१ वर्षांच्या आतला हवा. वरवर पाहता ही अट साधी वाटते. परंतु तिचा परिणाम असा होतो की, येथे कोणत्याही संघाला आपले उत्तम खेळाडू जपून ठेवता येत नाहीत. बहुतेकांच्या वाट्याला ही स्पर्धा एकदाच येते, काही भाग्यवंतांच्या वाट्याला पुन्हा एकदा. आपल्या भाषेत सांगायचे तर दर खेपेला जवळजवळ सगळे भागीदार एकदम निवृत्त होतात आणि पेढी नव्या माणसांनिशी उघडावी लागते.

मग अशा स्पर्धेचे विजेतेपद निरनिराळ्या देशांत फिरत राहावे, अशी आपली अपेक्षा असणार. घडले आहे ते वेगळेच. १९७९ साली फ्रान्समधील व्हर्साय येथे पहिली स्पर्धा झाली, ती पाकिस्तानने जिंकली. तेव्हापासून २०२५ च्या चेन्नई-मदुराई येथील स्पर्धेपर्यंत एकूण १४ स्पर्धा झाल्या आणि त्यांपैकी तब्बल ८ एकट्या जर्मनीने जिंकल्या (पहिल्या तीन पश्चिम जर्मनी या नावाने). भारत आणि अर्जेंटिना यांची प्रत्येकी दोन विजेतेपदे, पाकिस्तान व ऑस्ट्रेलिया यांचे प्रत्येकी एक. मुले दर वेळी निराळी, आणि चषक मात्र पुन्हा पुन्हा त्याच दारी!

जर्मनीत हॉकी हा काही फार लोकप्रिय खेळ नव्हे. फुटबॉलपुढे त्याला कोण विचारतो? तेथील बहुतेक खेळाडू विद्यापीठात शिकत शिकत खेळतात. त्यांचे बळ आहे ते क्लबांत. म्युलहाइमचा उलेनहोर्स्ट, कोलोनचा रोट-वाइस असे जुने क्लब आहेत. शाळकरी मुलांपासून प्रौढांपर्यंत सगळे वयोगट एकाच क्लबात, एकाच मैदानावर खेळतात. हिवाळ्यात मैदाने गोठली की हाच खेळ छताखाली, लहान जागेत चालू राहतो. तेथे चेंडूवरचा ताबा घोटला जातो. सतरा-अठरा वर्षांचा हुशार मुलगा मोठ्यांच्या साखळी स्पर्धेत उतरतो व ऑलिंपिक खेळलेल्या माणसाशेजारी उभा राहून शिकतो. विश्वचषकाचा संघ निवडायची वेळ येते तेव्हा नवी मुले शोधत हिंडावे लागत नाही. ती रांगेत उभीच असतात.

बँकेत असताना कर्जाचे प्रस्ताव पाहताना आम्ही ताळेबंदाआधी एक गोष्ट विचारीत असू : मालक चार महिने आजारी पडला तर दुकान कोण चालवील? ज्यांच्याकडे या प्रश्नाला उत्तर असे, त्यांची उलाढाल कमी असली तरी आम्ही निर्धास्त असू. कनिष्ठ विश्वचषक हाच प्रश्न देशांना विचारतो, असे मला वाटते.

भारताचे उत्तर दीर्घकाळ डळमळीत होते. २००१ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे गगन अजित सिंगच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलांनी अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा ६-१ असा फडशा पाडला. दीपक ठाकूर, जुगराज सिंग, अर्जुन हलप्पा अशी गुणी मुले त्या संघात होती. पुढे काय झाले? जुगराज २००३ मध्ये मोटार अपघातात जबर जखमी झाला, आणि पेनल्टी कॉर्नरवर त्याची जागा घेणारा तयार नव्हता. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला काही आठवडे उरले असता प्रशिक्षक राजिंदर सिंग यांना दूर करून जर्मनीच्या गेऱ्हार्ड राख यांना आणले गेले. अथेन्समध्ये सातवा क्रमांक. २००८ च्या मार्चमध्ये चिलीतील सँटियागोला ब्रिटनकडून ०-२ अशी हार झाली आणि ८० वर्षांत प्रथमच भारतीय हॉकी संघाविना ऑलिंपिक पार पडले. हातात आलेले भांडवल सात वर्षांत संपले, असेच म्हणावे लागेल. अपघात दैवाधीन असतात. पर्यायी माणूस तयार न ठेवणे दैवाधीन नसते.

दुसरे विजेतेपद २०१६ चे, लखनौचे. त्याआधीच्या २०१३ च्या दिल्लीतील स्पर्धेत आपण घरच्या मैदानावर दहावे आलो होतो. प्रशिक्षक हरेंद्र सिंग यांच्या मनात तर त्याहून जुना सल होता. २००५ साली रॉटरडॅमला त्यांच्याच संघाने कांस्यपदकाचा सामना स्पेनविरुद्ध पेनल्टी स्ट्रोकवर गमावला होता. लखनौच्या उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाशी २-२ अशी बरोबरी होऊन पुन्हा तोच प्रसंग उभा राहिला. या वेळी गोलरक्षक विकास दहिया अढळ राहिला आणि शूटआउट भारताने ४-२ असा जिंकला. १८ डिसेंबरला अंतिम सामन्यात बेल्जियमविरुद्ध आठव्या मिनिटाला गुरजंत सिंगने व बाविसाव्या मिनिटाला सिमरनजीत सिंगने गोल केला. बेल्जियमचा एकमेव गोल सत्तराव्या, म्हणजे अखेरच्या मिनिटाचा. यजमान देशाने ही स्पर्धा जिंकल्याचे दुसरे उदाहरण नाही.

या संघातील हरमनप्रीत, मनदीप, वरुण कुमार व कर्णधार हरजीत ही मुले जालंधरच्या सुरजित अकादमीत घडलेली. नीलकंठ शर्मा मणिपूरचा, दिपसन तिर्की ओडिशाच्या सुंदरगडचा. होबार्टनंतर जे घडले नाही ते या वेळी घडले : ही मुले वरिष्ठ संघात मुरवली गेली. २०१८ पासून ओडिशा सरकारने पुरुष, महिला आणि कनिष्ठ अशा सर्व राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व स्वीकारले, त्यामुळे पैशाची ओढाताण थांबली. २०२१ मध्ये टोकियोला ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आले, तेव्हा त्या संघात लखनौची सात मुले होती. सिमरनजीत तर मुळात राखीव खेळाडू. साथीमुळे नियम सैल झाले म्हणून त्याला खेळता आले. कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध ५-४ अशा विजयात दोन गोल त्याचे होते. लखनौला हरलेल्या बेल्जियमनेही आपली मुले सांभाळली होती, हेही नोंदवले पाहिजे. टोकियोच्या उपान्त्य सामन्यात त्यांनी आपल्याला ५-२ असे हरवले आणि पुढे सुवर्णपदक नेले.

त्या सात जणांत कर्णधार हरजीत सिंग नव्हता. ट्रकचालकाचा हा मुलगा. लखनौला चषक उंचावला तो त्याने. २०१८ मध्ये त्याच्या जीवनावर पंजाबी चित्रपटही निघाला. वरिष्ठ संघात मात्र त्याला स्थिरावता आले नाही. उलट हरमनप्रीत पुढे भारताचा कर्णधार झाला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० गोल करून सर्वांत पुढे राहिला. दोघे एकाच अकादमीतले, एकाच संघातले. आपल्या घरांतूनही मुलगा एकवीस वर्षांचा झाला की त्याच्या कर्तृत्वाचा हिशेब मांडण्याची घाई होते. एखाद्याला डोक्यावर घेतले जाते, एखाद्याला मोडीत काढले जाते. लखनौच्या त्या संध्याकाळी पुढची आठ वर्षे कोणाला वाचता आली असती?

ताजी नोंद २०२५ ची. प्रथमच २४ संघ आले. भारताचे प्रशिक्षक होते पी. आर. श्रीजेश, टोकियो व पॅरिस या दोन्ही पदकांचे गोलरक्षक. उपान्त्य सामन्यात जर्मनीने आपल्याला ५-१ असे सहज हरवले आणि अंतिम सामन्यात स्पेनवर शूटआउटमध्ये मात करून आठवे विजेतेपद घेतले. कांस्यपदकाच्या लढतीत भारत अर्जेंटिनाविरुद्ध तीन सत्रांनंतर ०-२ असा मागे होता. अखेरच्या सत्रात अंकित पाल, मनमीत सिंग, शारदानंद तिवारी व अनमोल एक्का यांनी चार गोल केले आणि सामना ४-२ असा फिरवला.

भुवनेश्वरला २०२१ मध्ये चौथे, क्वालालंपूरला २०२३ मध्ये चौथे, चेन्नईला तिसरे. लखनौ धरून सलग चार वेळा भारत शेवटच्या चारांत आहे, आणि चारही वेळा संघ जवळजवळ नवा होता. विजेतेपदांच्या रकान्यात या नोंदी दिसत नाहीत. मला मात्र त्या २००१ च्या सुवर्णपदकापेक्षा अधिक आश्वासक वाटतात. आता अंकित, मनमीत, शारदानंद व अनमोल यांना वरिष्ठ संघात किती सामने दिले जातात, याकडे लक्ष ठेवावयाचे आहे. लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक २०२८ मध्ये आहे.