बक्षीसपत्र आणि राहती खोली

वार्धक्यातील निवासाचा प्रश्न आपल्याकडे बहुधा एकाच द्वंद्वात मांडला जातो : मुलाचे घर की वृद्धाश्रम. ही मांडणी मला अपुरी वाटते. वृद्ध मनुष्य कोणाच्या छपराखाली राहतो यापेक्षा तो तेथे कोणत्या अधिकाराने राहतो, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. आणि त्याचा निर्णय पुष्कळदा नोंदणी कार्यालयातील एका सहीने होऊन जातो.

भोसल्यांच्या अमलापासून जबलपुरात मराठी वस्ती आहे. पुढे रेल्वे, न्यायालये आणि १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी यांच्या आश्रयाने ती वाढली. कारखान्यातील नोकरदाराची उमर क्वार्टरमध्ये जाते; निवृत्तीबरोबर ते सोडावे लागते, आणि भविष्यनिर्वाह निधीतून दोन-तीन खोल्या उभ्या राहतात. स्वतःचे असे पहिले घर वार्धक्याच्या उंबरठ्यावर लाभते, आणि थोड्याच वर्षांत ते मुलाच्या नावे करण्याची भाषा सुरू होते. कधी बँकेच्या कर्जासाठी, कधी 'मागे भांडण नको' म्हणून.

छतरपूर जिल्ह्यातील एका मातेने २०१९ मध्ये आपली मालमत्ता बक्षीसपत्राने (इकडे त्यास दानपत्र म्हणतात) मुलास दिली. आमरण सांभाळ करण्याचे वचनपत्र मुलाने निराळे लिहून दिले होते, असे तिचे म्हणणे. सांभाळ झाला नाही, म्हणून तिने ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या २००७ च्या कायद्यातील २३ व्या कलमाचा आधार घेतला. बक्षीसपत्रात तशी अट नाही, या कारणास्तव मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२२ मध्ये तिच्याविरुद्ध निर्णय दिला. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून मालमत्ता तिला परत देवविली. अट कोठे लिहिली होती, एवढ्यावर एका वृद्धेचा निवारा अवलंबून राहिला.

साहित्याच्या अभ्यासकास यात नवे काही वाटू नये. प्रेमचंदांच्या 'बूढी काकी'ने पुतण्याच्या गोड शब्दांवर सारी मिळकत लिहून दिली आणि शेवटी ती उष्ट्या पत्रावळींशी बसली. शिरवाडकरांच्या 'नटसम्राटा'ने (१९७०) अट घातलीच नाही. राजा लिअरने मात्र घातली होती : शंभर सरदार आणि आळीपाळीने एकेक महिना मुक्काम. पण ती पाळावयास लावणारा कोणीही त्या राज्यात उरला नव्हता, कारण राज्यच त्याने देऊन टाकले होते. या तिन्ही कृतींकडे आपण कृतघ्नतेच्या कथा म्हणून पाहतो. त्या हस्तांतरणाच्याही कथा आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही.

'पोटच्या पोराकडून का लिहून घ्यायचे?' असा आक्षेप येतो. त्यामागील भावना मी हलकी लेखत नाही. परंतु स्वतःच्या नावाच्या घरात म्हाताऱ्या माणसाला दार लावून घेता येते, आल्यागेल्यास चहा घ्या म्हणता येते. परक्याच्या नावाच्या घरात, मग तो परका पोटचा का असेना, त्याच गोष्टींसाठी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. स्वास्थ्य म्हणतात ते बहुतांशी एवढेच असते.

प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी आश्रम स्थापण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. पण ती सरकारवर बंधनकारक नाही, आणि असते तरी, घर देऊन निराधार झालेल्यास ती सोय म्हणजे दुसरा अपमानच. स्वतःचे घर राखून जो स्वेच्छेने वृद्धाश्रमात जातो, त्याची गोष्ट निराळी.

उपाय अवघड नाहीत. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, आणि तोवर घर आपलेच राहते. बक्षीसपत्र करणे भागच असेल, तर सांभाळाची अट व हयातभर राहण्याचा हक्क त्यातच लिहावा. निराळ्या कागदावर नव्हे.

गेल्या महिन्यात शेजारच्या एका काकूंनी मला असाच मसुदा वाचावयास दिला. मागची खोली आणि तिच्यासमोरचे अंगण त्यांच्याकडे हयातभर राहील, असे वाक्य त्यात होते. ते मुलानेच वकिलास घालावयास सांगितले होते. काकूंना मात्र संकोच वाटत होता. 'हे काढून टाकायला सांगू का?' असे त्यांनी मला दोनदा विचारले.