पोरगं जर्मनीला निघालं. सातबारा कुठं निघाला?

पूर्वी गावातलं शिकलेलं पोरगं पुण्या-मुंबईला जायचं, फार तर आखातात. आता चावडीवर, दूध डेअरीवर, सोसायटीच्या ओट्यावर जर्मनीचं नाव निघतं. त्याला कारणं आहेत. ५ डिसेंबर २०२२ रोजी भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयी करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथं शिकणारे भारतीय विद्यार्थी ४९ हजारांवर गेले आणि परदेशी विद्यार्थ्यांत आपला नंबर पहिला लागला.

जर्मनीत म्हातारी माणसं वाढली, कामाची तरुण माणसं कमी पडली. म्हणून त्यांना आपली पोरं हवीत. यात फसवणूक काही नाही, गरज दोन्हीकडे आहे. पण शेतकरी बंधूंनो, करार सरकारचा असला तरी पैसा तुमचा जाणार आहे. पेरणीआधी आपण बियाणं, खत, मजुरी यांचा एकरी हिशोब मांडतो. पोराला परदेशी धाडताना मात्र एजंट सांगेल तो आकडा ऐकतो आणि जमिनीचं गिऱ्हाईक शोधायला लागतो. हे उलटं आहे. तिथला एक महिना कसा जातो, पोरगं खातं काय, राहतं कुठं, कमावतं किती, हे आधी समजून घ्या. जमिनीचं नंतर बोलू.

खात्यात ठेवायचे बारा लाख

जर्मनीत शिकायला जाणाऱ्याला वर्षभराच्या खर्चाचा पैसा आधीच दाखवावा लागतो. बहुतेक जण त्यासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. हिशोबाला सोपं जावं म्हणून एक युरो म्हणजे शंभर रुपये धरू. म्हणजे जवळजवळ बारा लाख. अनेक पालकांना ही फी वाटते, काहींना अनामत वाटते. ती दोन्ही नाही. पैसा पोराचाच असतो, पण तिथं गेल्यावर दर महिन्याला ९९२ युरोच हातात पडतात. तेवढ्यात महिना काढायचा. दुसऱ्या वर्षी परवाना वाढवताना खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते, हे एजंट सहसा सांगत नाही.

आता महिना मांडू. विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली तर भाडं साधारण तीनशे ते चारशे युरो. ती मिळायला महिनोन्‌महिने नंबर लावावा लागतो. म्युनिकसारख्या शहरात खाजगी घरातली एक खोली सातशे-आठशेलाही जाते. शिवाय घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी अनामत मागू शकतो. आरोग्य विमा सक्तीचा, त्याचे सव्वाशे ते दीडशे युरो. रेडिओ-टीव्हीची पट्टी दर घराला महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. जेवण घरी करून खाल्लं तर दोनशेच्या आसपास. फोन, वह्या, प्रवास वेगळा. वसतिगृहात राहिला तर ९९२ मध्ये जेमतेम बसतं. बाहेर खोली घेतली तर बसत नाही.

फीचंही नीट विचारा. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, फक्त सत्राची थोडी वर्गणी असते. पण ज्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी आपला करार झाला, त्याच राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी लावली. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही २०२४-२५ पासून फी सुरू केली आणि ती याहून जास्त आहे. कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना सक्तीचं झालं, त्याचे १८ हजार रुपये. व्हिसा, विमानाचं तिकीट, थंडीचे कपडे, खोलीची अनामत हे सगळं धरलं तर पहिल्या वर्षाला फी नसेल तिथं तेरा-चौदा लाख आणि फी असेल तिथं सोळा-सतरा लाख पकडून चाला.

रोजचं जगणं

गेल्यावर दोन आठवड्यांत तिथल्या नगरपालिकेत जाऊन आपला पत्ता नोंदवावा लागतो. त्या नोंदीच्या कागदावाचून पुढची कामं अडतात. म्हणजे पहिले पंधरा दिवस पोरगं अभ्यास कमी आणि कचेऱ्यांच्या फेऱ्या जास्त करतं. तिथं वशिला चालत नाही, पण आधी वेळ घेतल्याशिवाय कोणी भेटतही नाही.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी भाजीपाला आणायचा विसरला तर सोमवारपर्यंत आहे त्यावर भागवायचं. रात्री दहानंतर आवाज नको, शेजारी तक्रार करतात. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा: कागद एकीकडे, काच एकीकडे, ओला कचरा वेगळा. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेताना २५ सेंट जादा द्यावे लागतात आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की ते मिळतात. आपले पंचवीस रुपये झाले ते. पोरं बाटल्या साठवून ठेवतात आणि एकदम देतात.

डिसेंबरात सूर्य जेमतेम आठ तास असतो. उठावं तेव्हा अंधार, घरी यावं तेव्हा अंधार. उन्हात वाढलेल्या आपल्या पोरांना बर्फापेक्षा हा अंधार जास्त जाचतो. त्या दिवसांत पोरगं फोनवर कमी बोलतं, चिडचिड करतं. ‘परदेशात गेलं आणि माजलं’ असं म्हणण्याआधी कॅलेंडर बघा. घड्याळाचंही लक्षात ठेवा. उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार तास. आपण सकाळी सहाला धार काढून फोन लावला, तर तिथं मध्यरात्र उलटलेली असते.

फोटो आणि प्रवास

महिन्या-दोन महिन्यांनी पोराचा फोटो येतो. मागे पॅरिसचा मनोरा, नाहीतर स्वित्झर्लंडचा बर्फ. इकडे हप्त्याची चिंता आणि तिकडे ही चैन, असं बापाला वाटतं. भावकी तर बोलायला टपलेलीच असते. यामागचा हिशोब असा. जर्मनीचा निवास परवाना हातात असला की शेंगेन करारातल्या इतर देशांत सहा महिन्यांच्या मुदतीत नव्वद दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं. बसचं तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं. पोरं डबा घेऊन रात्रीच्या बसने जातात आणि दुसऱ्या रात्री परत येतात. जर्मनीत शहर बस, ट्राम आणि पॅसेंजर रेल्वे यांचा देशभराचा महिन्याचा पास मिळतो. मे २०२३ मध्ये तो ४९ युरोला सुरू झाला, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाला. बऱ्याच विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतो. जलद गाड्यांना तो चालत नाही. आणि विनातिकीट सापडला तर ६० युरो दंड, म्हणजे सहा हजार रुपये.

तेव्हा फोटो बघून चैनीचा अंदाज बांधू नका, सुखाचाही बांधू नका. पोरगं आजारी असताना, नाहीतर एकटं बसून भात खाताना कोणी फोटो पाठवत नाही. फोनवर ‘मजेत ना?’ एवढंच विचारण्यापेक्षा ‘या महिन्याचं भाडं गेलं का? काम किती तास मिळालं? कोणासोबत जेवतोस?’ असं विचारा. खरं चित्र कळेल.

कमाईचं खरं खोटं

‘तिथं पार्टटाइम करून घरी पैसे पाठवेल’ हे वाक्य गावोगावी ऐकायला मिळतं. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. १ जानेवारी २०२६ पासून कायद्याने किमान मजुरी तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला पंधरा तास काम मिळालं तर महिन्याला नऊशेच्या आसपास युरो होतात, कपात जाऊन थोडे कमी. म्हणजे पोरगं स्वतःचं पोट बऱ्यापैकी भागवू शकतं. हे मोठंच आहे. पण त्यातून इकडे हप्त्याला पैसे उरत नाहीत. शिवाय पहिले काही महिने काम मिळेलच असं नाही, कारण दुकानात, हॉटेलात, गोठ्यावर सगळीकडे जर्मन बोलावं लागतं. शिक्षण इंग्रजीत असलं तरी मुकादम इंग्रजी बोलत नाही.

शेतीचं कामही तिथं आहे. वसंतात पांढऱ्या शतावरीची काढणी चालते. मातीचे उंच वरंबे, त्यावर प्लॅस्टिक, आणि आतला कोंब हाताने खणून कापायचा. २४ जूनला हंगाम संपवायची त्यांची परंपरा आहे, म्हणजे पुढच्या वर्षासाठी झाडाला जोर राहतो. हे काम करायला रुमानिया, पोलंडहून मजूर येतात. आपल्या पोराने घरी कमरेत वाकून कांदा काढलेला नसेल, तर तिथं दोन दिवस टिकणं अवघड.

कृषी पदवीधरांनी स्टुटगार्टमधल्या होहेनहाइम विद्यापीठाची माहिती जरूर घ्यावी. १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटला, १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच झाला नाही, पिकं बुडाली, लोक उपाशी मेले. त्यानंतर १८१८ मध्ये तिथल्या राजाने ही शेतीची शाळा काढली. दुष्काळातून उभी राहिलेली संस्था आहे. पण तिथं पदव्युत्तर शिक्षणाला पदवी लागते. आमच्यासारख्या कृषी पदविकावाल्यांना थेट प्रवेश नाही. पदविका किंवा बारावी झालेल्यांसाठी दुसरी वाट म्हणजे ‘आउसबिल्डुंग’. यात साधारण तीन वर्षं शेतावर किंवा कारखान्यात काम आणि सोबत शाळा असते. विद्यावेतनही मिळतं. २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या शिक्षणाला पहिल्या वर्षी कायद्याने कमीत कमी महिना ७२४ युरो. त्याला साधारण बी-वन पातळीची जर्मन भाषा आधी लागते. ती शिकायला वर्षभर जातं, पण वर्षभराची शिकवणी एक एकर जमिनीपेक्षा फार स्वस्त पडते.

बँक आणि जमीन

आता मुद्द्याचं. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांवर बँका साधारणपणे तारण मागतात. शेतजमीन तारण ठेवू म्हटलं तर बहुतेक बँका नको म्हणतात. कारण २००२ च्या सरफेसी कायद्याच्या ३१ व्या कलमाने शेतजमीन त्या कायद्यातून वगळली आहे. कर्ज थकलं तर बँकेला ती कोर्टाबाहेर विकता येत नाही. शेतकऱ्याला वाचवणारं कलम इथं असं आडवं येतं. नोव्हेंबर २०२४ ची पीएम विद्यालक्ष्मी योजनाही देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशी शिक्षणाला नाही.

मग शेतकरी काय करतो? एक तर सावकाराकडे जातो, नाहीतर तुकडा विकतो. दोन्हीआधी कागदावर आकडे मांडा. समजा १५ लाख साडेदहा टक्क्यांनी घेतले. शिकताना हप्ता नाही म्हणून तीन वर्षं व्याज साठलं तर ते पावणेपाच लाखांच्या जवळ जातं. पुढे दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता २६ हजारांच्या पुढे. पदवीनंतर नोकरी शोधायला तिथं दीड वर्षांची मुदत मिळते. नोकरी लवकर लागली तर हा हप्ता काहीच नाही. लागली नाही तर बापाने तो कशातून भरायचा, हे आधी ठरलं पाहिजे.

आणि जमीन विकायचीच वेळ आली तर सगळी विकू नका. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. मराठवाडा, विदर्भातही तशाच तरतुदीचे कायदे आहेत. सातबाऱ्यावरून नाव पूर्ण गेलं, तर उद्या पोराने युरो पाठवले तरी वावर परत मिळणं सोपं नाही.

ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेबांना विनंती

गावातल्या अधिकाऱ्यांच्या हातात यात बरंच आहे. जन्मदाखला, दहावी-बारावीची गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. एका ‘भाऊ’ किंवा ‘राव’ शब्दाने महिने जातात. जन्मनोंदीत नाव घालायचं राहिलं असेल तर ते बारावीच्या आधी उरकून घ्यायला सांगा. स्वामित्व योजनेतून गावठाणातल्या घराची मिळकतपत्रिका निघाली असेल तर ती काढून द्या, बँकेपुढे ठेवायला एक कागद होतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला वेळेत मिळाला नाही तर ती हातची जाते.

नोकरीसाठी नेणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असला पाहिजे. केंद्राच्या ई-मायग्रेट यादीत त्याचं नाव तपासून देणं ग्रामपंचायतीच्या संगणकावर पाच मिनिटांचं काम आहे. अशा एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. दोन-तीन लाख मागणाऱ्याला पावती मागा. पावती द्यायला तो का कू करू लागला, तर तिथंच थांबा.

घरात बसून एवढं ठरवा: पहिल्या दोन-तीन वर्षांत तिकडून एक रुपयाही येणार नाही असं धरून घर चालतंय का? चालत असेल तर पोराला, पोरीलाही, खुशाल पाठवा. चालत नसेल तर एक वर्ष थांबा, भाषा शिकू द्या, शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. जर्मनी कुठं पळून जात नाही. वावर मात्र एकदा गेलं की गेलं.