मज्जाव कसला करता, माणसं तयार करा

आमच्या कोपरीत एक कागद फिरतोय. वस्तीत प्रार्थनेला येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींना मज्जाव करावा, असा ठराव. खाली सह्या. सह्या करणारे आपलेच दोस्त आहेत, गळ्यात निळा गमछा घालणारे, चौदा एप्रिलला रात्रभर नाचणारे.

मज्जाव! दोस्तहो, हा शब्द कुणाचा, आठवतंय का? पाणवठ्यावर मज्जाव, देवळात मज्जाव, शाळेच्या ओट्यावर मज्जाव. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते हाच शब्द मोडायला. आणि आता आपण तोच उष्टा शब्द उचलून आपल्याच गल्लीच्या तोंडाशी टांगणार?

कारण विचारलं तर सांगतात, ते आमची माणसं पळवतात. माणूस म्हणजे काय कोंबडी आहे, कुणीही पंखाला धरून न्यायला? जिथं कुणी विचारत नाही तिथून माणूस उठतो, जिथं विचारपूस होते तिथं जाऊन बसतो. एवढंच घडतंय. आणि ते का घडतंय, हे त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नाही.

आमच्या चाळीत एक म्हातारी आहे. गेल्या पावसाळ्यात तिला क्षय निघाला. मुलगा कंत्राटावर, सून चार घरची धुणीभांडी करणारी. गोळ्या सहा महिन्यांच्या, एक दिवस चुकवायचा नाही. रोज गोळी घेतली का ते बघायला कोण यायचं? प्रार्थनेतल्या दोन बाया. एक भाजी विकते, दुसरी लोकांच्या घरी पोळ्या लाटते. बायबल घेऊन यायच्या, पण आधी स्टोव्ह पेटवून पाणी तापवायच्या. आमचं मंडळ आलं नाही. म्हातारी मेली असती तर आलं असतं, श्रद्धांजलीचा बॅनर छापायला किती वेळ लागतो? पण ती जगली. धर्मही बदलला नाही तिनं, भिंतीवर बाबासाहेब आहेत तिथंच आहेत. फक्त आता ती त्या बायांना ‘माझ्या’ म्हणते आणि मंडळाला ‘ते’ म्हणते.

हा ‘ते’ शब्द मला झोपू देत नाही.

त्या दोन बाया काय आकाशातून पडल्या? त्यांना कुणीतरी तयार केलंय. मी खोदून खोदून विचारलं. नवीन माणूस आला की त्याला आधी नुसतं बसवतात, ऐकवतात. मग वाचायला लावतात. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसरा वाचून दाखवतो आणि हळूहळू अक्षर शिकवतो. मग चारचौघांत उभं राहून दोन मिनिटं स्वतःची साक्ष सांगायला लावतात. ज्या बाईनं जन्मात नवऱ्यापुढं तोंड उघडलं नाही, ती वीस माणसांत बोलते. मग एक लहान काम देतात, सतरंज्या घालायचं, आजाऱ्याकडं जायचं. एकटं धाडत नाहीत, जुन्या माणसाबरोबर जोडीनं धाडतात. परत आल्यावर विचारतात, काय झालं, कोण भेटलं, काय चुकलं. एवढं सगळं झाल्यावर कुठं बोलायला उभं करतात.

हे झालं गल्लीतलं. वरच्या पायरीला तर वर्षांचा हिशेब आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी आणि त्यांच्या साथीदारांनी १८१८ ला कॉलेज काढलं. त्या श्रीरामपूरच्या पदव्या आजही देशभरातल्या प्रोटेस्टंट सेमिनऱ्यांत घेतल्या जातात. आपल्या यवतमाळला १९५३ ला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, ती १९८३ ला पुण्याला बिबवेवाडीत गेली. कॅथलिकांची पेपल सेमिनरी १९५५ ला श्रीलंकेतल्या कँडीहून उचलून पुण्याला आणली. जेसुइट फादर व्हायचं तर दहा वर्षं आणि वर. त्यात तत्त्वज्ञान आलं, धर्मशास्त्र आलं, आणि मधेच पुस्तकं बाजूला ठेवून साधारण दोन वर्षं शाळेत नाही तर खेड्यात प्रत्यक्ष काम. तिथं टिकला तर पुढं.

आमच्या मिलमध्ये नवा पोरगा आला की त्याच्या ताब्यात लगेच साचा देत नाहीत. आधी झाडू. मग कांड्या भर. मग धागा सांधायला शीक. जुना कामगार बाजूला उभा असतो, हात चुकला की टपली मारतो. कारण न शिकलेला हात साच्यात गेला तर कापड जातं, आणि बोटंही जातात. कापडाची एवढी काळजी! आणि आमच्या चळवळीत काय? पोरगा आज आला, उद्या त्याला उपाध्यक्ष केला, परवा त्याचा फोटो बॅनरवर, तेरवा त्याच्या हातात माईक. बोटं कुणाची गेली, बघायला कुणी थांबत नाही.

आता कुणीतरी म्हणेल, हा येशूवाल्यांची आरती ओवाळतोय, ह्याला डॉलर मिळाले. मिळाले असते तर तिसऱ्या पाळीला गेलो नसतो. मी सांगतोय ते बाबासाहेबांचंच सांगणं आहे. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. त्यात भिक्खूसंघावर कोरडे ओढलेत. भिक्खूंची संख्या फार, पण बहुतेकांकडे विद्याही नाही आणि सेवाही नाही, असं सरळ लिहिलं. थोडे भिक्खू हवेत पण उच्च शिकलेले हवेत, आणि त्यासाठी ख्रिस्ती धर्मगुरूंच्या, त्यातही जेसुइटांच्या काही गोष्टी उचलाव्यात, हेही लिहिलं. आशियात ख्रिस्ती धर्म शाळा आणि दवाखान्यांतून पसरला, कारण त्यांचा धर्मगुरू नुसती पोथी शिकलेला नसतो, त्याला इतर विद्याही येतात, हे त्यांनी हेरलं होतं.

आणि ते नुसतं लिहून थांबले नाहीत. ४ मे १९५५ ला भारतीय बौद्ध महासभा काढली. १९५६ च्या जुलैत मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी शाळा सुरू केली, पहिल्या तुकडीला पंधरा विद्यार्थी. लाखांच्या सभा घेणारा माणूस पंधरा पोरांसाठी शाळा काढतो, ह्याचा अर्थ कळतोय का? डिसेंबरात ते गेले आणि काही महिन्यांत शाळा बंद पडली. पुतळे मात्र गावोगाव उभे राहिले.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकार प्रत्येक बौद्धाला आहे. दोन, प्रत्येकानं मिळकतीचा विसावा हिस्सा धम्माच्या कामाला द्यावा. ख्रिस्ती मंडळी दशांश देतात. त्यांच्या निम्म्यानं मागितलं होतं बाबासाहेबांनी! तो विसावा हिस्सा आमच्याकडं वर्गणी होऊन डीजेच्या गाडीत वाजतो आणि सकाळी झाडूनं गोळा होतो. श्रामणेर शिबिरं होतात, बौद्धाचार्य तयार होतात, ते खरं आहे, ती माणसं मनापासून राबतात, त्यांना माझा जयभीम. पण दहा दिवस चीवर अंगावर, आणि अकराव्या दिवशी काय? लग्न लावणं आणि पुण्यानुमोदन, एवढ्यापुरताच आचार्य उरला, तर मग जुन्या भटजीच्या आणि आपल्या माणसाच्या कामात फरक कुठला?

इथपर्यंत वाचून ज्या ख्रिस्ती मित्रांना गुदगुल्या झाल्या असतील त्यांनी आता जरा सावरून बसावं.

तुम्ही माणसं तयार करता, कबूल. पण कुणाला कशासाठी तयार करता? नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या खेड्यापाड्यांत महार-मांग मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाले. त्यांना अक्षर मिळालं, हे ऋण नाकारण्याचा नतद्रष्टपणा मी करणार नाही. जोतीरावसुद्धा नगरची मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहून पेटले आणि १८४८ ला पुण्यात शाळा काढली. पण मिशनच्या शिडीवर वर कोण, खाली कोण? वर गोरा मिशनरी, खाली गावोगाव पायपीट करणारा आपला काळा मास्तर. कवी नारायण वामन टिळक तर चित्पावन. १८९५ ला ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये मान मिळाला. त्यांनासुद्धा शेवटी मिशनची पगारी चाकरी नकोशी झाली, १९१७ ला ती सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. टिळकांना ती चाकरी काचली, मग आमच्या मांगवाड्यातल्या मास्तराचं काय झालं असेल?

अरविंद निर्मळ महाराष्ट्रातले, दलित ख्रिस्ती घरातले. चर्चनंच शिकवलेले धर्मशास्त्राचे पंडित. त्यांनी १९८१ ला बंगळूरच्या सेमिनरीत उभं राहून चर्चलाच जाब विचारला. तुमचं भारतीय धर्मशास्त्र सगळं ब्राह्मणी परंपरेशी बोलत बसलंय, आणि चर्चमध्ये बसलेली बहुसंख्य माणसं कोण आहेत, हा त्याचा सारांश. तिथून दलित धर्मशास्त्र उभं राहिलं. ह्याला म्हणतात तयार झालेला माणूस! शिकवणाऱ्याची गचांडी धरण्याइतका तयार. पण असे किती? भारतातल्या कॅथलिकांत निम्म्याहून जास्त दलित, तरी नेतृत्वाच्या जागांवर ते किती थोडे आणि चर्चमध्ये भेदभाव कसा आहे, हे त्यांच्या बिशपांच्याच परिषदेला २०१६ च्या दलित धोरणात कबूल करावं लागलं. पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, व्हायला २०२२ साल उजाडलं.

म्हणजे घोळ कुठं आहे? सेवा ह्या शब्दात आहे. पाद्री म्हणतो, सेवेसाठी तयार व्हा. अरे, आमच्या बापजाद्यांनी दुसरं केलं काय? गावाची सांगावं पोचवली, मेलेली ढोरं ओढली, पाटलाच्या घोड्यापुढं धावले. शूद्रानं वरच्यांची सेवा करावी, हेच मनूनं सांगितलं होतं. त्या सेवेतून सुटायला बाबासाहेबांनी १९२८ ला कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं. म्हणून सेवा म्हटलं की आमच्या रक्तात दोन गोष्टी एकदम उसळतात, माया आणि संशय. दोन्ही खऱ्या आहेत. म्हातारीला पाणी तापवून देणारी सेवा आणि पाटलापुढं वाकणारी सेवा, दोन्हींचं नाव एक, जात वेगळी. पहिलीत माणूस माणसाला उभा करतो. दुसरीत खालचा कायम खालीच राहतो. चर्चनं पहिली शिकवता शिकवता दुसरी कधी आत घुसवली, ते त्यांनी तपासावं. आपल्या पुढाऱ्यांच्या बंगल्यावर खुर्च्या लावणाऱ्या पोरांकडं बघा आणि ती आपल्यात किती घुसलीय ते आपण तपासू.

आणि बायांचं विचारूच नका. केडगावला पंडिता रमाबाईंनी विधवांना, दुष्काळातून उचललेल्या पोरींना छापखाना शिकवला, विणकाम शिकवलं. रमाबाईंनी मराठीत आणलेलं बायबल तिथल्या बायांनीच खिळे जुळवून छापलं, बाई १९२२ ला गेल्या, ते १९२४ ला पुरं झालं. आमच्या मंडळात बाई आली की तिला काय शिकवतात? चहा किती कप करायचा. जी बाई बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणते तिला हिशेबाची वही का देत नाही?

तर दोस्तहो, कागद फाडा आणि कामाला लागा. मोठा कार्यक्रम सांगत नाही. विहाराचं कुलूप रोज संध्याकाळी दोन तास उघडा. बौद्ध पौर्णिमेची वाट बघू नका. नवीन पोरगा आला, पोरगी आली, तर वर्षभर माईक नाही. आधी वाचन, मग वाचलेलं दुसऱ्याला सांगणं, मग जोडीनं घरोघर जाणं. रेशनकार्ड, जातीचा दाखला, दवाखान्याचा कागद, पीएफचा फॉर्म, ह्यातलं एक काम असं शिकायचं की वस्तीनं डोळे मिटून विश्वास ठेवावा. परत आल्यावर सगळ्यांपुढं सांगायचं, काय जमलं, काय नाही. विसावा हिस्सा द्या, नाही जमला तर पन्नासावा द्या, पण त्याचा हिशेब दर महिन्याला भिंतीवर लावा.

आणि शेवटची गोष्ट चर्चकडून शिकता येणार नाही, ती आपल्यालाच करावी लागेल. जो शिकवतो त्यानं तीन वर्षांत आपली खुर्ची शिकणाऱ्याला द्यायची. ज्याला हे जमत नाही तो माणसं तयार करत नाही, हुजरे तयार करतो. आपण तयार केलेला पोरगा उद्या भर बैठकीत उठून आपल्यालाच जाब विचारेल. विचारू दे. त्या दिवशी समजायचं, शाळा चालली.

राहता राहिले प्रार्थनेवाले. येऊ द्या त्यांना. म्हातारीच्या दारात त्यांची आणि आपली गाठ पडू दे. त्यांनी पाणी तापवलं तर आपण गोळी आणू. मग म्हातारी कुणाला ‘माझे’ म्हणते, ते तिचं तिला ठरवू द्या. तेवढा अधिकार तिला १९५६ लाच मिळालाय.

जयभीम.