गुलजार हौजाला पायी या

मलकपेठ, दिलसुखनगर, काचीगुडा, सुलतान बाजार, शालीबंडा इथल्या मराठी कुटुंबांना, आणि नांदेड, लातूर, परभणी, उदगीरहून सुट्टीत हैदराबाद पाहायला येणाऱ्या आपल्या पाहुण्यांना ही कळकळीची विनंती आहे. चारमिनारला जरूर जा, पण मोटार किंवा स्कूटर घेऊन जाऊ नका. आणि चारमिनारच्या अलीकडे, चौकाच्या मधोमध जे जुनं कारंजं आहे, त्या गुलजार हौजापाशी पाच मिनिटं थांबा. ते नीट पाहा. त्यात कागद, बाटली, नाणं, काहीही टाकू नका.

दिवाळीची सुट्टी येईल, मग १ जानेवारीला नामपल्लीच्या मैदानात नुमाइश हे प्रदर्शन सुरू होईल आणि १५ फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडची माणसं लोंढ्यानं येत राहतील. त्यातल्या बहुतेकांचा एक दिवस चारमिनारसाठी राखलेला असतो. म्हणून हे आत्ताच सांगायला हवं.

१८ मे २०२५ ची सकाळ या शहरात कोणी विसरलेलं नाही. रविवार होता. गुलजार हौजाजवळच्या एका जुन्या इमारतीला आग लागली. खाली दागिन्यांची दुकानं, वर राहतं घर, आणि वर-खाली करायला जेमतेम एक मीटर रुंदीचा जिना. एकाच कुटुंबातली १७ माणसं गेली. त्यांत ८ मुलं होती. बहुतेकांचा जीव धुरानं घेतला. उन्हाळी सुट्टी म्हणून नातेवाईक मुलाबाळांसह जमले होते, हे वाचलं तेव्हा मलकपेठेत घरोघर माणसं सुन्न झाली होती. आपल्याही घरी मे महिन्यात असंच गोकुळ भरतं.

त्या दिवशीचा घात अरुंद जिन्यानं आणि कोंडलेल्या धुरानं केला, रस्त्यावरच्या गाड्यांनी नव्हे. हे स्पष्ट म्हणायला हवं, कारण एवढ्या मोठ्या दुःखाचा आधार घेऊन भलतंच काही कोणाच्या माथी मारणं बरं नाही. पण त्या सकाळी रस्ता मोकळा होता, बाजार उघडायचा होता. तीच आग एखाद्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता लागली तर काय होईल, हे त्या वेळी तिथं उभं राहून पाहा. मदिना चौकाकडून आलेली वाहनं हौजाला वळसा घालत असतात. चारमिनारच्या पायथ्याशी गाड्यांना बंदी आहे, म्हणून मोटारी, रिक्षा, स्कूटर सगळं हौजाच्या आसपास येऊन थबकतं. कोणी तिथल्या जुन्या कमानीच्या भिंतीला चिकटून स्कूटर लावतो, कोणी ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून मोटार तशीच सोडून मोत्यांच्या दुकानात शिरतो. अग्निशमनाचा बंब, रुग्णवाहिका त्यातून कशी जाणार? त्या गल्ल्यांमध्ये आजही दुकानांच्या माथ्यावर कुटुंबं राहतात, लहान मुलं झोपतात. आपण तिथं दोन तासांचे पाहुणे असतो, त्यांना रात्रही तिथंच काढायची असते.

आता त्या हौजाबद्दल, कारण पुष्कळांना आपण कशाला वळसा घालतो आहोत हे ठाऊकच नसतं.

हिजरी सन १००० च्या सुमारास, म्हणजे १५९१ मध्ये, मुहम्मद कुली कुतुबशाहनं मुसीच्या दक्षिण काठावर नवं शहर वसवायला घेतलं. आखणी त्याचा पेशवा मीर मोमीन अस्तराबादी याची मानली जाते. मध्यावर चारमिनार, आणि त्याच्या उत्तरेला, चालत दोन-तीन मिनिटांवर, एक मोठा चौक. चौकाच्या चार दिशांना चार उंच कमानी आणि बरोबर मध्ये पाण्याचा हौज. ‘चार सू का हौज’ हे त्याचं जुनं नाव, चारही दिशांचा हौज. त्याच्या कडेला उभं राहून चारी बाजूंना वळून पाहिलं की एकेक कमान समोर येते. उत्तरेला मछली कमान, दक्षिणेला चारमिनार कमान, पूर्वेला काली कमान, आणि पश्चिमेला जिच्यातून राजवाड्याकडे वाट जायची ती कमान. पूर्वेच्या कमानीवर शाही नगारखाना होता. १६८७ मध्ये औरंगजेबानं गोवळकोंडा घेतला, कुतुबशाही संपली आणि ते राजवाडेही लयाला गेले. ज्या महालांसाठी हा चौक मांडला होता त्यांचा मागमूस राहिला नाही. कमानी आणि हौज मात्र सव्वाचारशे वर्षं जागेवर आहेत.

मराठी माणसानं तर इथं थांबायलाच हवं. १६७७ मध्ये कर्नाटकाच्या मोहिमेवर निघालेले शिवछत्रपती भागानगरला आले, अबुल हसन तानाशाहला भेटले. मादण्णा आणि आकण्णा हे बंधू तेव्हा राज्याचा कारभार पाहत होते. महाराजांच्या स्वागतासाठी शहर कसं शृंगारलं होतं याचं वर्णन सभासदानं आपल्या बखरीत केलं आहे. ते शहर हेच, आणि त्या दिवशी या कमानी आणि हा हौज उभे होते. रायगडचा गंगासागर तलाव आपण मुलांना हात धरून दाखवतो. तसं या हौजाकडे बोट करून एवढं सांगायला काय हरकत आहे?

विजेच्या पंपाशिवाय त्या काळी कारंजं उडायचं कसं, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे. उंचावरच्या तलावातलं पाणी बंद नळांतून खाली आणलं की ते मूळच्या उंचीकडे परत चढू पाहतं. त्या दाबावरच कारंजी चालत. १६६० च्या दशकात इथं आलेला फ्रेंच प्रवासी जाँ द थेवेनो यानं तर लिहून ठेवलं आहे, की चारमिनारचे मजले पाणी वर चढवण्यासाठी वापरले जात, म्हणजे ते पुढं राजवाड्याच्या सर्वांत वरच्या दालनांपर्यंत पोचावं. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही विद्या नवी नाही. तिथंही लांबून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी उंच भिंतीवर चढवून हौजात सोडलं आहे, आणि त्याच पाण्यावर जातं फिरायचं. दख्खनच्या या पठारावर उताराचा हिशेब करून पाणी खेळवणारे कारागीर होऊन गेले. आपण त्यांच्या कामाशेजारी गाडी उभी करून पाठ फिरवतो.

पाठ फिरवतो, हे अक्षरशः खरं आहे. हौजाच्या कडेला उभे राहणारे बहुतेक जण चारमिनारकडे तोंड करून छायाचित्र घेतात. हातातला रिकामा कप मग मागे हौजात जातो. कारंजं कधी सुरू असतं, कधी कोरडं. कोरडं असलं की त्यात कचरा पडतो, आणि कचरा दिसला की पुढचा माणूस आणखी टाकतो.

मलकपेठेतल्या लोकांना वेगळं सांगायचं आहे. दुर्लक्षाचा शेवट काय होतो हे आपण आपल्याच पेठेत पाहिलं आहे. आस्मानगढच्या टेकडीवर जनरल रेमंडची कबर आहे. निजामाचा हा फ्रेंच सेनानी १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांच्या समोर उभा होता, १७९८ मध्ये वारला. त्याच्या कबरीजवळचा खांबांचा देखणा मंडप २००१ च्या ऑक्टोबरमधल्या मुसळधार पावसात कोसळला. पुढं तो नव्यानं उभारला, पण जुना गेला तो गेलाच. हौजाच्या बाबतीत ती वेळ येऊ देऊ नका.

मलकपेठ आणि चारमिनार मुसीच्या एकाच काठावर आहेत, त्यामुळे आझमपुरा, दबीरपुरा अशा गल्ल्यांतून स्कूटर काढायची आपल्याला सवय आहे. ती सवय मोडा. मलकपेठ मेट्रो स्थानकावरून एकच स्थानक पुढं महात्मा गांधी बस स्थानक. नांदेड-लातूरची एस.टी. तर पाहुण्यांना तिथंच उतरवते. तिथून अफजलगंज, नयापूल, मदिना, पत्थरगट्टी आणि मछली कमान. रमतगमत अर्धा-पाऊण तास लागतो. वाटेत उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातलं ते चिंचेचं झाड दाखवा. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात त्याच्या फांद्यांना धरून दीडशेच्या वर माणसं वाचली. त्या पुरानंतर शहराची जी नवी मांडणी झाली, तिच्यातच पत्थरगट्टीची दगडी कमानींची दुकानं उभी राहिली. हे सगळं गाडीच्या काचेतून दिसत नाही. आणि मछली कमानीखालून चालत आलं, म्हणजे आधी हौज आणि मग त्याच्या पलीकडे चारमिनार, या क्रमानं चौक उलगडतो. आखणाऱ्यानं तो तसाच पाहिला जावा म्हणून मांडला असावा असं मला ठामपणे वाटतं.

ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्याबरोबर आजारी माणूस आहे, त्यांनी रिक्षानं मदिनापर्यंत यावं, तिथं उतरावं आणि रिक्षा सोडून द्यावी. रुग्णालयाच्या कामासाठी गावाकडून आलेली आपली माणसं मलकपेठेत मुक्कामाला असतात. रुग्णाची झोप लागली की दुपारी दोन तास चारमिनार पाहून येतात. त्यांना वाट सांगणारं कोणी नसतं. शेजाऱ्यांनो, हे काम तुमचं. कागदावर चार ठिकाणांची नावं लिहून द्या, जमलं तर बरोबर जा.

सकाळी लवकर जा. त्या वेळी दुकानं बंद असतात, उन्हाचा ताप नसतो, कमानींच्या माथ्यापर्यंत नजर जाते. संध्याकाळीच जायचं असेल तर घोळका करून हौजाभोवती रस्ता अडवू नका, कठड्यावर चढू नका. मुलांना चढवून छायाचित्रंही काढू नका. शाळांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांनी बस दूरच थांबवावी. मराठी मंडळांनी आपल्या पाहुण्यांच्या कार्यक्रमात हौजाचा अर्धा तास वेगळा धरावा, म्हणजे तो घाईत राहून जाणार नाही. आणि तिथल्या दुकानदारांशी बोला. मोती घेताना भाव करता तसं एकदा विचारा, कारंजं शेवटचं कधी उडालं होतं. ते त्या चौकात रोज बसतात, हौज जपायची इच्छा त्यांच्यातल्या अनेकांना आपल्याइतकीच आहे. त्यांना बाहेरून कोणीतरी विचारणारं हवं असतं.

मुंबईचं फ्लोरा फाउंटन बघा. १८६४ चं ते कारंजं कित्येक वर्षं कोरडं पडलं होतं. जुन्या दगडावरचे रंगाचे थर उतरवून, नळ्यांचं काम नव्यानं करून जानेवारी २०१९ मध्ये तिथं पुन्हा पाणी आलं. हुतात्मा चौकातून जाणाऱ्या माणसाला आता ते थांबून पाहावंसं वाटतं. गुलजार हौज त्याच्याहून अडीचशेहून अधिक वर्षांनी जुना आहे.

शेवटची विनंती लिहिण्याची. महानगरपालिकेला आणि जुन्या शहराचं काम पाहणाऱ्या कुली कुतुबशाह नगरविकास प्राधिकरणाला प्रत्येकानं एक पत्र पाठवा. तेलुगूत लिहा, उर्दूत लिहा, इंग्रजीत लिहा, शेजाऱ्याकडून लिहून घ्या. पत्रात चार गोष्टी मागा. हौजातलं पाणी रोज ठरावीक वेळी वाहतं ठेवावं आणि ती वेळ तिथं पाटीवर लिहावी. चार कमानींच्या आत गाड्या उभ्या करायला सक्त मनाई असावी. बंबाला पुरेल एवढा पट्टा रंगानं आखून कायम मोकळा ठेवावा. चौकातल्या जुन्या इमारतींची वीजजोडणी आणि जिने तपासून घरमालकांना दुसरी वाट काढायला मदत करावी. पत्राखाली नाव, पत्ता आणि तारीख घाला, पोच मागा, आणि महिन्याभरात उत्तर आलं नाही तर तेच पत्र पुन्हा पाठवा.