जुन्या घडणीचें सैन्य

मिसरूड फुटूं लागलेला मुलगा मेजावर बोटभर उंचीचे सैनिक मांडून बसला, म्हणजे घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडते. "हें वय का बाहुल्यांशीं खेळण्याचें?" असा प्रश्न होतो. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. मुलगा काय खेळतो यापेक्षां तें सैन्य त्यानें कसें जमविलें, हें पाहणें माझ्या मतें अधिक अगत्याचें आहे.

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या आपल्या मुलांस ही हौस अगदींच परकी वाटणार नाहीं. परंतु येथें ज्या सैन्याविषयीं लिहावयाचें आहे, तें विलायतेंतलें. प्रसिद्ध कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं खेळण्यांतील सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपानें छापले. पुढें टॉल्कीन यांच्या कादंबऱ्या गाजल्या आणि सैनिकांच्या रांगेंत बुटके, राक्षस व मायावी प्राणीहि येऊन उभे राहिले. १९८३ सालीं इंग्लंडांत 'वॉरहॅमर' नांवाचा खेळ निघाला. तो काढणारांचा धंदा असे पुतळे विकण्याचाच होता. कथेच्या खेळाला चार-सहा पुतळे पुरत. सैन्याला मात्र डझनावारी लागतात! दुकानदाराचें हित आणि खेळणाराचें हित एकच नव्हे, हा पहिला धडा येथेंच घ्यावा.

त्या काळीं कारागीर मऊ लुकणाचा मूळ पुतळा हातानें कोरून घडवीत. त्यावरून रबराचा साचा करून, तो गरगर फिरवीत त्यांत शिसें मिसळलेल्या धातूचा रस ओतीत. आज पुष्कळसे पुतळे संगणकावर रेखून प्लॅस्टिकचे काढतात. ते अधिक रेखीव असतात, यांत शंका नाहीं. जुन्या पुतळ्याचें नाक जरा वांकडें, ढाल अंमळ मोठी. पण त्यांत करणाराचा हात दिसतो. म्हणूनच आजहि कित्येक लोक जुने पुतळे हुडकून, किंवा त्याच धर्तीचे नवे घेऊन, सैन्य उभारतात.

२०१५ सालीं प्रकाशकांनीं तो जुना खेळ बंद केला आणि २०२४ सालीं नव्या रूपांत पुन्हां काढला. मधल्या काळांत ज्यांच्यापाशीं जुनें नियमपुस्तक व स्वतः रंगविलेलें सैन्य होतें, त्यांचें कांहींच अडलें नाहीं. जें आपल्या हातानें सिद्ध केलें, तें दुकानाच्या मर्जीनें शिळें होत नाहीं.

परंतु जुन्याची हौस हीहि एक हांवच होऊं शकते. दुर्मिळ पुतळ्यासाठीं वाटेल तें मोल देणारे, आणि घेतलेली पेटी वर्षानुवर्षें न उघडणारे, या छंदांत थोडे नाहींत. त्यांस मी संग्राहक म्हणणार नाहीं. ते नुसते कोठीवाले. माझा नियम साधा आहे: प्रथम दहाच पुतळे घ्यावे, आणि ते पुरते रंगविल्यावांचून अकरावा घरांत आणूं नये. आधीं अस्तराचा रंग, मग अंगरख्याचा व चिलखताचा, मग वस्त्राच्या चुण्यांत उतरणारा पातळ गडद रंग, आणि शेवटीं उंचवट्यांवर कोरड्या कुंचल्याचा हलका हात. इतकें करावयास एका पुतळ्यामागें एक संध्याकाळ सहज जाते, आणि चिकाटी शिकविणारी ती संध्याकाळच या छंदाची खरी कमाई होय. मात्र जुन्या पुतळ्यांत शिसें असतें. ते कानशीनें घासूं नयेत, लहान भावंडांच्या हातीं देऊं नयेत, आणि हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय घांस घेऊं नये.

या खेळानें मुलें युद्धखोर होतील, अशीहि भीति घालण्यांत येते. वेल्स यांचें मत नेमकें उलट होतें: हा लहान खेळ चार वेळां खेळणारास खरें युद्ध किती बेंगरूळ गोष्ट आहे, हें आपोआप उमजतें. त्यांचें पुस्तक निघाल्यावर दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. मेजावर पडलेला सैनिक पेटींत जातो आणि पुढच्या डावाला पुन्हां उभा राहतो. त्या युद्धांत पडलेले लाखों तरुण परत उठले नाहींत. हा भेद ज्या मुलाला कळला, त्याचा खेळ वायां गेला नाहीं.

तेव्हां पालकहो, आठी घालण्यापूर्वीं मुलाला एवढेंच विचारा: "यांतले किती रंगवून झाले?" आणि मुलांनो, त्या प्रश्नाला मान वर करून उत्तर देतां येईल, इतकेंच सैन्य बाळगा.